सनदच्या खाडीतले संत

आमच्या घरापासून खाडी चालत सात मिनिटांवर आहे आणि बहरीनमध्ये सनदला राहायला आल्यापासून मी तिथे एकदाही चालत गेले नव्हते. गाडीतून जाताना काच वर करायची, एसी आतल्या हवेवर ठेवायचा आणि पुढे निघून जायचं, एवढाच आमचा आणि तिचा संबंध. ओहोटीला तिथून कुजलेल्या अंड्यासारखा वास येतो. त्यातला थोडा चिखलाचा स्वतःचा असतो, तिवरांच्या मुळांतला. तो मला चालतो, वसईला मी त्याच वासात वाढले. बाकीचा माणसांनी केलेला असतो आणि तो लगेच वेगळा कळतो. निदान मला कळतो, कारण माझी नोकरीच ती आहे. मी इथल्या एका हॉस्पिटलमध्ये संसर्ग नियंत्रण बघते. कुठला कचरा कुठल्या रंगाच्या पिशवीत गेला, कोणी साबणाने हात धुतले आणि कोणी नुसते नळाखाली धरले, हे बघत दिवसभर वॉर्डांतून फिरते. लोकांना मी आवडत नाही. त्याची मला सवय आहे.

खाडीवर जायची वेळ आली ती मुलीच्या शाळेमुळे. मुलगी नववीत आहे. शाळा अमेरिकन अभ्यासक्रमाची, त्यामुळे नदी नसलेल्या बहरीनमध्ये बसून तिला अमेरिकेच्या मध्यभागातली एक नदी अभ्यासाला आली. प्रकल्पाचे दोन भाग होते. पहिल्यात, निसर्गसौंदर्यासाठी राखलेली एखादी नदी घ्यायची आणि ती उगवते कुठे, जाते कुठून, तिचं नुकसान कोणी केलं आणि ती वाचवली कोणी हे लिहायचं. दुसऱ्यात, घराजवळचं पाणी घ्यायचं. तीन शनिवार एकाच जागी जायचं, काठाची चाळीस पावलं मोजून घ्यायची आणि तिथे पडलेली प्रत्येक वस्तू लिहायची. कुठून आली हे कळत असेल तर तेही लिहायचं. शेवटी हे सगळं वर्गासमोर आणि पालकांसमोर उभं राहून वाचायचं. टीचरची एकच अट होती. यादीतून काहीही गाळायचं नाही. गाळलेलं कळलं तर दुसरा भाग शून्य.

तिने सेंट क्रॉय नावाची नदी निवडली. नावाचा अर्थ पवित्र क्रूस, हे कळल्यावर माझा नवरा खूश झाला. तो एका हॉटेलच्या लाँड्रीत सुपरवायझर आहे आणि आमच्या घरातला भाविक माणूस तोच. जेवणाच्या टेबलावर तिने नकाशा पसरला आणि निळ्या पेन्सिलीने नदी काढत गेली. उत्तरेकडच्या एका तळ्यातून ती निघते. दलदलीतून वाहत येते म्हणून तिचं पाणी कोऱ्या चहाच्या रंगाचं असतं, घाण नसूनही. पुढे ती दोन राज्यांची हद्द होते. मध्ये काळ्या कातळाची अरुंद खिंड लागते, त्यानंतर ती रुंद होत होत तळ्यासारखी पसरते आणि शेवटी मिसिसिपीला मिळते. एकेकाळी वरच्या रानातले पाइनचे ओंडके तिच्यातून खाली सोडत. ते अडकून बसले की पाणी दिसेनासं व्हायचं. रान संपल्यावर ओंडके संपले. मग कायदा आला. खालच्या अंगाला काठावर घर बांधायचं असेल तर मागे सरकून, झाडांच्या आड, मातीच्या रंगाचं बांधायचं. होडीतल्या माणसाच्या नजरेत ते खुपता कामा नये.

"घर बांधायचं आणि दिसू द्यायचं नाही?" नवरा म्हणाला. "आपल्याकडे तर रस्त्यावरून दिसावं म्हणून बंगल्याला पोपटी रंग देतात."

"डॅडा, म्हणूनच आपल्याकडे कायदा लागेल," मुलगी म्हणाली. ती इंग्रजीत बोलते, आम्ही मराठीत. इथे मी सगळं मराठीतच लिहिते आहे.

मला त्या नदीचा थोडा रागच आला. एवढी जमीन, एवढं गोडं पाणी, एवढी झाडं. त्यांना जमणारच. आमच्या खाडीला भराव टाकून टाकून इतकं आवळलंय की पाण्याला आत-बाहेर करायला धड वाट नाही, आणि नळातून येतं ते समुद्राचं खारट पाणी गोडं करून. पण शाळेला माझ्या रागाशी काय करायचंय. पहिल्या शनिवारी सकाळी मी हॉस्पिटलमध्ये वापरतो तसले जाड हातमोजे घेतले, मुलीला बूट घालायला लावले आणि आम्ही निघालो. ईस्टर होऊन दोन आठवडे झाले होते आणि उन्हाला आत्ताच धार आली होती.

काठावर एक फलक आहे, अरबीत आणि इंग्रजीत. हे क्षेत्र संरक्षित आहे, असं त्यावर लिहिलंय. त्याच फलकाला टेकवून कोणीतरी बाथरूमच्या फुटक्या फरश्या ओतल्या होत्या. मुलीने फोटो काढला आणि एक नंबर दिला. मग चाळीस पावलं. गुंडाळून चिकटपट्टीने बंद केलेले लहान मुलांचे वापरलेले डायपर, अकरा. बिर्याणीचे अॅल्युमिनियमचे ट्रे, हाडांसकट. हुक्क्याचे विझलेले निखारे, फॉइलमध्ये बांधून. जाळ्याचा तुकडा आणि त्यात अडकून वाळलेला पक्षी, कुठला ते ओळखू येण्याच्या पलीकडे गेलेला. एक तीन माणसांचा सोफा, स्प्रिंगांमध्ये खेकडे.

"ममा, सोफा घरगुती की व्यावसायिक?"

"सोफा आहे, सोफा लिही."

"स्रोत लिहायचाय."

"मग लिही, ज्याला दोन जिने उतरून कचऱ्याच्या पेटीपर्यंत जायचा कंटाळा आला पण गाडी भाड्याने घेऊन इथवर यायचा आला नाही, असा माणूस."

तिने 'घरगुती' लिहिलं. रस्त्यावरून जाणाऱ्या एकाने गाडी थांबवून काच खाली केली. "बहनजी, कुछ गिर गया क्या?"

"हां, सबका गिरा है," मी म्हटलं. तो हसला आणि काच वर करून गेला. वास आला असणार.

हॉस्पिटलमध्ये मी यापेक्षा वाईट बघते, पण तिथली घाण आजारातून आलेली असते. तिला इलाज नसतो म्हणून तिची किळस येत नाही. इथे प्रत्येक वस्तू धडधाकट माणसाने हाताने उचलून, गाडीत ठेवून, आणून टाकली होती. मी घरी येऊन दोनदा आंघोळ केली आणि दुपारी हॉस्पिटलमधल्यासारखी सगळ्यांवर खेकसत राहिले.

दुसऱ्या शनिवारी ओहोटी जास्त होती. पाणी बरंच आत गेलं होतं आणि तिवरांच्या रांगेपुढचा चिखल उघडा पडला होता. तिथे एक निळी पिशवी अर्धी रुतलेली दिसली. जाड प्लास्टिकची, वर दोरीने आवळलेली. मुलीने काठीने ओढली. चिखलाने ती सोडली तेव्हा जो आवाज आला तो अजून माझ्या कानात आहे. दोरी कापली. आत वाळक्या झावळ्या होत्या, मेणबत्त्यांचे बुडखे, एका लहान पवित्र मरियेचं धड, हात नसलेला संत अंतोनी, संतांचे सण छापलेलं गेल्या वर्षाचं मराठी कॅलेंडर, भिजून फुगलेली प्रार्थनेची पुस्तिका.

बहरीनमध्ये मराठी कॅलेंडर ठेवणारे ख्रिस्ती किती असतील? आपल्याच लोकांपैकी कोणाचं तरी, म्हणून मला आधी शरम वाटली आणि मग संताप आला. मी तोंड उघडणार इतक्यात मुलीने पुस्तिकेचं मागचं पान माझ्यापुढे धरलं. कोणाच्या घरी कोणत्या आठवड्यात जपमाळेची प्रार्थना, अशी निळ्या पेनाने केलेली यादी होती, शाई पसरलेली. मुलीला मराठी वाचता येत नाही.

"ममा, हे तुझं अक्षर आहे," ती म्हणाली. "फ्रिजवरच्या याद्यांसारखं."

तसल्या निळ्या पिशव्यांचा गठ्ठा आमच्या सिंकखाली असतो. हॉटेलच्या लाँड्रीतून येतो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. ईस्टरच्या आधीच्या रविवारी, म्हणजे झावळ्यांच्या रविवारी, चर्चमधून आशीर्वाद दिलेली झावळी मिळते. तिचा क्रूस विणून घरातल्या आल्तारावर, म्हणजे आमच्या देव्हाऱ्यावर, किंवा दारावर लावतात. तो वर्षभर राहतो. वाळला, पुतळ्याचा हात तुटला, संताचं चित्र फाटलं, की ते कचऱ्यात टाकायचं नाही. आशीर्वाद दिलेली वस्तू आहे. आमच्या वसईकडच्या घरी ते पाण्यात सोडत, खाडीत नाहीतर समुद्रात. आई सोडायची, सासूही सोडायची. दुसऱ्या दिवशी काठावर काही दिसायचं नाही, आणि दिसायचं नाही म्हणजे देवाकडे गेलं, असा हिशेब. इथेही दर वर्षी झावळ्यांच्या रविवारानंतर मी आल्तार पुसून जुनं सगळं एका पिशवीत भरते, नवऱ्याच्या हातात देते आणि म्हणते, "पाण्यात सोडून ये." कुठल्या पाण्यात, हे मी कधी विचारलं नाही. हॉस्पिटलमध्ये नवीन माणूस आला की मी पहिला प्रश्न विचारते, ही पिशवी इथून पुढे कुठे जाते? उत्तर आलं नाही तर त्याला सगळ्यांसमोर उभं करते.

घरी आलो तेव्हा नवरा ऑम्लेट करत होता. मी पिशवी बाल्कनीत ठेवली आणि त्याला बोलावलं. त्याने पिशवीकडे बघितलं आणि गॅस बंद केला.

"तू दिलीस, मी सोडली," तो म्हणाला.

"सोडली म्हणजे?"

"प्रार्थना म्हटली आणि सोडली. भरती होती तेव्हा."

"भरतीनंतर ओहोटी येते. वसईचा ना तू?"

"वसईला जातंच ना सगळं वाहून!"

"इथे कुठे जाणार? त्या खाडीला दुसरं तोंड आहे का?"

तो हळूच म्हणाला, "फक्त आपलंच नाही. आपल्या प्रार्थनेच्या ग्रुपमधले सगळे माझ्याकडे देतात. बुदैयाच्या आंटी देतात. मी नेतो म्हणून देतात. ते मी आपल्याच पिशवीत घालतो."

मुलगी दारात उभी होती. "डॅडा, त्या अमेरिकन नदीत टाकलं असतं तर ते खाली दुसऱ्या कोणाच्या दारात गेलं असतं," ती म्हणाली. "तेही चांगलं नाहीये."

"बेटा, तू काय लिहिणार आहेस?"

"जे मिळालं ते."

"प्लास्टर लिही. प्लास्टरचे तुकडे. खोटं नाही ते."

"स्रोत?"

"माहीत नाही, असं लिही."

तिने माझ्याकडे बघितलं. हातमोजे अजून माझ्या हातात होते. यादी खोटी केली तर तिचं काम मातीत जाणार होतं. खरी ठेवली तर तिला वर्गासमोर सांगावं लागणार होतं की हे माझ्या बापाने टाकलं, आणि बाप त्या वेळी तिथे खुर्चीवर बसलेला असणार होता. त्यात हा देश आपला नाही. कोणाला काय वाटेल, कोण कुठे बोलेल, ही नवऱ्याची भीती अगदीच पोकळ नव्हती. मी त्याला ऑम्लेट पुरं करायला सांगितलं.

गुरुवारी बुदैयाच्या आंटींकडे प्रार्थना होती. आंटी साठीच्या पुढच्या, ऑफिसातून निवृत्त होऊन बुदैया गावात मुलाकडे राहतात आणि आमच्या ग्रुपमध्ये त्यांचा शब्द चालतो. प्रार्थना संपली, सँडविच आले, तेव्हा मी सगळ्यांना सांगितलं. कुठे सापडलं, कसं सापडलं, त्याच्या शेजारी काय काय पडलं होतं.

"म्हणजे माझा सेंट अँथनी त्या घाणीत?" आंटींनी बशी खाली ठेवली.

"हो आंटी. हात नसलेला."

"हात आधीच तुटला होता, म्हणून तर दिला! मी पाण्यात सोडायला दिला होता. पाणी कसलं आहे ते तुझ्या नवऱ्याने बघायला नको?"

"तुम्ही कधी विचारलंत?"

"तो दर वर्षी नेतो, मी कशाला विचारू?"

मग सगळेच बोलायला लागले. एकीला वाटायचं तो सौदीकडे जाणाऱ्या समुद्रावरच्या पुलावरून, कॉजवेवरून, खोल समुद्रात सोडतो. दुसरी म्हणाली, तिचे मिस्टर आधीच म्हणाले होते. कोणते मिस्टर, कधी म्हणाले, कोणास ठाऊक. इतकी वर्षं ज्यांनी आपापली अडगळ माझ्या नवऱ्याच्या डिकीत ठेवून हात झटकले ते सगळे आता त्याच्याकडे असे बघत होते जसा काही त्याने आल्तारावरून चोरून नेऊन खाडीत फेकलं. तो कोपऱ्यात बसून सँडविचच्या कडा काढत होता. त्याच्या चुकीची मला आली नव्हती एवढी किळस मला त्या हॉलची आली.

मी फादरना फोन करून विचारलं होतं, ते सांगितलं. अशा वस्तू जाळायच्या नाहीतर जमिनीत पुरायच्या. चर्चमध्ये दिल्या तरी चालतात.

"फ्लॅटमध्ये पुरायचं कुठे? कुंडीत?" एकजण म्हणाला.

"आंटींकडे अंगण आहे."

"माझ्याकडे नको," आंटी म्हणाल्या. "घरमालक तिथे खजूर लावणार आहे, खणेल तो. आणि हे बघ, पोरीला सांग, काही लिहू नको म्हणावं. परक्या देशात आहोत आपण. लोक म्हणतील, ही ख्रिश्चन माणसं असं करतात."

"करतोच ना आपण, आंटी."

"म्हणून लिहायचं?"

घरी परत आल्यावर जिन्यात नवरा म्हणाला, "शनिवारी मी येतो तुमच्याबरोबर."

तिसऱ्या शनिवारी तो आला. हॉटेलमधले गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट आणि दोन बादल्या घेऊन. आम्ही चाळीस पावलं मोजत होतो तेवढ्यात तो सरळ तिवरांच्या रांगेकडे गेला आणि डावीकडच्या एका वाकड्या झाडापाशी थांबला. शोधलं नाही, इकडेतिकडे बघितलं नाही. जागा पाठ होती त्याला. वाकून त्याने मुळांमध्ये हात घातला. पहिल्यांदा आलं ते एक धड, शिंपल्यांनी मढलेलं, कोणाचं ते कळायला मार्ग नाही. मग एक पाया, त्यावर चिकटलेली दोन पावलं. मग नाताळच्या एका गोठ्यातली गाय. प्लास्टिकची जपमाळ, मुळात अशी गुंतलेली की त्याला कात्री लागली. एक फुगलेली पिशवी हात लावताच फुटली आणि त्यातून काळं पाणी त्याच्या बाहीत शिरलं. मी मान फिरवली. मुलगी फोटो काढत राहिली आणि प्रत्येक वस्तूला नंबर देत राहिली, तोंडावर रुमाल बांधून.

बादल्या घरी आणून त्याने सगळं बाथरूममध्ये धुतलं. नळीने, मग ब्रशने, मग मी दिलेल्या जंतुनाशकाने. फरशीवर वर्तमानपत्र पसरून संत वाळत ठेवले. चेहरे बहुतेकांचे गेले होते. दोन दिवस ते बाथरूम कोणी वापरलं नाही. आता ते बादल्यांत घालून बाल्कनीत आहेत आणि त्यांचं काय करायचं हे ग्रुपमध्ये अजून ठरायचंय. आंटींनी फोनवर मला सांगितलं, त्यांचा अंतोनी सापडला असेल तर त्यांना परत नको.

सादरीकरणाच्या आदल्या दिवशी, संध्याकाळच्या चहाला, मुलीने यादी छापून आणली. नदीचा भाग आधी होता, नकाशासकट, आणि त्याखाली खाडी. तिने कागद बापापुढे ठेवला आणि स्वतः फ्रिजपाशी जाऊन उभी राहिली. त्याने चष्मा लावला. डायपर, सोफा, ट्रे हे सगळं बोटाने ओळ धरून वाचलं. मग तो थांबला. मला वाचायची गरज नव्हती, तिने काय लिहिलंय ते तिने मला सांगितलं होतं. धार्मिक वस्तू, दोन पिशव्या. स्रोत: माझं कुटुंब.

"दोन नाही," तो म्हणाला. "आठ. एक दर वर्षी. बाकीच्या मिळाल्या नाहीत, पण टाकल्यात मी."

"मिळाल्या नाहीत त्या लिहायच्या नसतात, डॅडा."

"तळाशी टीप लिही मग." त्याने पेन मागितलं आणि 'माझं कुटुंब' यावर रेघ मारली. "आणि इथे माझे वडील लिही. तू यात कुठून आलीस?"

"वडील आणि आई लिही," मी म्हटलं. "पिशव्या मी भरल्यात."

तिने कागद घेतला, दुरुस्त केला आणि परत त्याच्यापुढे ठेवला. मग मराठीत विचारलं, जे ती क्वचित करते. "उद्या मी हे मोठ्याने वाचू?"

"वाच," तो म्हणाला. "मी मागच्या रांगेत बसतो."

"पुढे बसायचं," मी म्हटलं, आणि चहा गाळायला घेतला.